रविवारी देवनागरी, बुधवारी रोमन

मराठी माणूस सकाळी पेपर देवनागरीत वाचतो आणि दिवसभर व्हॉट्सॲपवर तीच मराठी इंग्रजी अक्षरांत वाचत बसतो. एकच शब्द दोन लिप्यांत वाचताना मेंदूचं काम वेगळं होतं का, आणि होत असेल तर कुठल्या भागात, हा मुंबईतल्या एका पीएच.डी.च्या विद्यार्थिनीचा प्रश्न. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही सराईतपणे वाचणाऱ्यांवर एफएमआरआयचं (म्हणजे मेंदू काम करत असताना त्यातले रक्तप्रवाहाचे बदल टिपणाऱ्या एमआरआयचं) काम मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात झालेलं आहे. पण तिथे लिपी बदलली की भाषाही बदलते. इथे भाषा तीच, शब्द तेच, फक्त अक्षरं परकी. प्रश्न मला आजही आवडतो. घोटाळा झाला तो वेळापत्रकात.

यंत्र तीन टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), रुग्णांसाठीचं, मध्य मुंबईतल्या एका स्कॅन सेंटरमधलं. (ओळख पटेल असं बाकी सगळं वगळतो.) दिवसभर पेशंटची रांग. संशोधनाच्या वाट्याला रविवारची सकाळ आणि आठवड्यात एखाद्या रात्री नऊनंतरचा स्लॉट, तोही ऐन वेळी पक्षाघाताचा पेशंट आला नाही तर. देवनागरी शब्दांची यादी लवकर तयार झाली. रोमनची अडली, कारण ‘माझं’ किंवा ‘ज्ञान’ रोमनमध्ये प्रत्येकजण आपल्या मनाने लिहितो आणि बहुतेकांना ओळखीचं वाटेल असं एकच स्पेलिंग ठरवायचं होतं. हातात आलेले रविवारचे स्लॉट सोडवेनात. मग देवनागरी उरकून घेतलं, आणि यादी झाल्यावर त्याच लोकांना बुधवारी रात्री रोमनसाठी पुन्हा बोलावलं. सगळ्यांचा क्रम एकच: आधी देवनागरी, नंतर रोमन. यंत्र तेच, टेक्निशियन तोच, सेटिंग तीच, तेव्हा दोन्ही दिवस सारखेच, असं सगळ्यांनी धरलं.

प्रत्येक सेशनमध्ये शब्दांचे तुकडे होते, मध्ये मध्ये विश्रांती होती, म्हणजे पडद्यावर नुसतं अधिकचं चिन्ह, आणि काही तुकडे रेघांच्या चित्रांचे होते: छत्री, नारळ, आगगाडी. चित्रं घातली ती लोकांना डुलकी लागू नये म्हणून. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच झाला.

पाणीसुद्धा वाचायला लागलं

आकडेमोडीच्या मदतीसाठी हे प्रकरण माझ्याकडे आलं. मेंदूत कुठे कुठल्या लिपीला जास्त प्रतिसाद, हे रंगांनी दाखवणारा पहिल्या व्यक्तीचा नकाशा उघडला तर जवळजवळ अख्खा मेंदू रोमनच्या बाजूने रंगलेला. “सर, इतका मोठा फरक येईल असं वाटलं नव्हतं,” ती म्हणाली. अशा वेळी मी आधी मेंदूच्या मधल्या पोकळ्यांकडे बघतो. तिथे मेंदूजल असतं, म्हणजे जवळजवळ पाणीच. नकाशावर विश्वास ठेवायचा तर ते पाणीही रोमन मराठी मन लावून वाचत होतं. कडेने एक चकाकती कोरही होती. डोकं दोन दिवशी जरा वेगवेगळं ठेवलं गेल्याची ती खूण. दुसऱ्या व्यक्तीचा नकाशा बरोबर उलटा निघाला, सगळीकडे देवनागरी जास्त. मग विचारल्यावर उलगडा झाला. रविवारच्या आणि बुधवारच्या प्रतिमा एकापुढे एक जोडून, जणू एकच सलग रन (न थांबता चाललेला एक स्कॅन) आहे, असं धरून सिग्नलमधले चढउतार कशामुळे याचा हिशेब करणारं मॉडेल चालवलं होतं.

सीटी स्कॅनमधल्या आकड्याला स्वतःचा अर्थ असतो: पाणी शून्य, हवा उणे १०००, यंत्र कुठलंही असो. एफएमआरआयच्या प्रतिमेतल्या आकड्याला असं एकक नाही. स्कॅन सुरू होण्याआधी यंत्र प्रत्येक वेळी रिसीव्हरची पट्टी नव्याने ठरवतं, चुंबकीय क्षेत्र त्या डोक्यापुरतं नव्याने सपाट करून घेतं, आणि डोकं हेड कॉइलच्या, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या अँटेनाच्या, कुठल्या भागाजवळ आहे यावरही सिग्नल कमीजास्त होतो. जुन्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत मीटरवरचा आकडा म्हणजे भाडं नसे, ते ड्रायव्हरच्या टॅरिफ कार्डात बघावं लागे. इथे तर प्रत्येक सेशनचं कार्ड निराळं, आणि ते कुणी छापलेलंही नाही.

त्यात आपण शोधतो तो बदल बारीक. सेइजी ओगावा यांनी १९९० साली उंदरांवर जो परिणाम दाखवला त्यावर हे सारं उभं आहे: ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करतं, आणि मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे ताजं रक्त गरजेपेक्षा जास्त येऊन ती गडबड कमी होते. याला बोल्ड सिग्नल म्हणतात. तीन टेस्लावर वाचनासारख्या कामात हा बदल एखाद्या टक्क्याचा, बरेचदा त्याहूनही कमी. दोन दिवसांच्या मूळ पातळीतला फरक त्याच्या कितीतरी पट असू शकतो. प्रतिमा सलग जोडल्या की तो सगळा फरक लिपीच्या नावावर जमा होतो.

याला औषध आहे आणि ते जुनं आहे. प्रत्येक सेशनला मॉडेलमध्ये स्वतःची स्थिर पातळी द्यायची, म्हणजे मॉडेलच्या तक्त्यात त्या सेशनचा वेगळा स्तंभ. एसपीएम या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सेशन वेगवेगळे नोंदवले की हा स्तंभ आपोआप येतो, शिवाय प्रत्येक सेशनची एकूण सरासरी १०० वर आणली जाते. एफएसएल हे दुसरं सॉफ्टवेअर तीच १०,००० वर आणतं आणि प्रत्येक रनचं विश्लेषण आधी स्वतंत्रपणे करतं. आता रविवारचा शब्द रविवारच्या विश्रांतीपासून मोजला गेला आणि बुधवारचा बुधवारच्या. पोकळ्यांतलं पाणी वाचायचं थांबलं.

इथे एक गोष्ट नशिबाने वाचली. स्लॉट अपुरा पडतो म्हणून विश्रांती आणि चित्रं काढून टाकायचा, सेशनभर फक्त शब्द दाखवायचा विचार एकदा झाला होता. तसं केलं असतं तर ‘रोमन शब्द’ हा स्तंभ आणि ‘बुधवार’ हा स्तंभ मॉडेलमध्ये एकच झाले असते, आणि ते वेगळे करणारं सॉफ्टवेअर जगात नाही.

पाच हिशेब, तीन निकाल

स्थिर पातळी दिली म्हणजे तुलना झाली, असं अनेकांना वाटतं. नाही. मी तिला कागदावर एक उदाहरण करून दिलं, आकडे सोयीसाठी घेतलेले. डाव्या मेंदूच्या खालच्या बाजूला, वाचायला शिकलेल्या माणसात शब्दांची रूपं ओळखणारा एक पट्टा असतो. समजा तिथल्या एका ठिकाणी रविवारी विश्रांतीत ८००, देवनागरी शब्दांना ८०८ आणि चित्रांना ८१२ आले. बुधवारी विश्रांतीत १०००, रोमन शब्दांना १००८, चित्रांना १०१२.

कच्चे आकडे घेतले तर रोमन २०० ने पुढे. हा हिशेब आपण आत्ताच बाद केला. विश्रांती वजा केली तर दोन्हीकडे ८, म्हणजे फरक शून्य. पण ८०० वरचे ८ आणि १००० वरचे ८ सारखे कसे? टक्केवारी काढली तर देवनागरी १ टक्का, रोमन ०.८ टक्के, आता देवनागरी पुढे. मग चित्रांना साक्षीला बोलवा. चित्रांची टक्केवारी रविवारी १.५ आणि बुधवारी १.२. शब्दांतून चित्रं वजा केली तर रविवारी उणे ०.५, बुधवारी उणे ०.४, म्हणजे रोमन किंचित पुढे. आणि वजा न करता भागलं तर? एकला दीडने भागा, ०.८ ला १.२ ने भागा: दोन्हीकडे दोन तृतीयांश. फरक शून्य.

आकडे तेच. रोमन जास्त, देवनागरी जास्त, दोन्ही सारखे, यातला हवा तो निकाल मिळतो. खरा कुठला, हे सेशनने सिग्नलचं काय केलं यावर ठरतं. बुधवारने सगळ्यात थोडी भर घातली असेल तर वजाबाकी बरोबर. बुधवारने सगळ्याला ०.८ ने गुणलं असेल तर भागाकार बरोबर. रक्तवाहिन्यांचे परिणाम बहुतेकदा गुणाकाराच्या अंगाने जातात, म्हणून माझा कल भागाकाराकडे. पण तो कल झाला, पुरावा नव्हे. पेपरमध्ये ‘आंतरक्रिया सार्थ’ (म्हणजे शब्द-चित्रांमधलं अंतर दोन दिवशी वेगळं, आणि तो निव्वळ योगायोग वाटत नाही) एवढंच छापलं जातं तेव्हा वजाबाकीच योग्य होती हे गृहीतक गुपचूप आत शिरलेलं असतं. ते कुणी विचारत नाही याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

दोन्ही लिप्या एकाच सेशनमध्ये असत्या तर? गुणाकार दोन्हींवर सारखाच पडला असता. फरकाचा आकार लहानमोठा झाला असता, दिशा बदलली नसती.

चहा, रात्र आणि मेगाब्लॉक

यंत्राचा घोळ निस्तरल्यावर सगळ्यांचे नकाशे एकत्र केले. पोकळ्या स्वच्छ, कडा गेलेल्या, आणि मेंदूच्या मागच्या बाजूला, दृष्टीच्या भागात, देवनागरीला थोडा जास्त प्रतिसाद. थोडाच, पण बहुतेकांत त्याच दिशेने. तिच्या गाइड मॅडम खूष झाल्या. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, रफार वर-खाली, आजूबाजूला पसरलेले असतात, तेव्हा नजरेचं काम जास्त, हे स्पष्टीकरणही तयार होतं.

मी फक्त चित्रांचा नकाशा मागितला. रविवारची चित्रं वजा बुधवारची चित्रं. त्याच भागात, त्याच दिशेने फरक. छत्रीला लिपी नसते.

यंत्राचा परिणाम आणि शरीराचा परिणाम इथे वेगळे पडतात. यंत्राची पट्टी कुणाच्या बाबतीत वर जाते, कुणाच्या खाली. माणसं वाढवली की ती एकमेकांना खोडून काढते, आणि प्रत्येक सेशनची विश्रांती तिला बऱ्यापैकी आवरते. शरीराचा परिणाम सगळ्यांत एकाच दिशेने असतो. माणसं वाढवली की तो आणखी ठाम दिसतो, आणि विश्रांती वजा करून तो जात नाही, कारण तो विश्रांती आणि काम यांच्यातल्या अंतरावरच बसलेला असतो.

बुधवारी लोक ऑफिसमधून थेट आलेले, खालच्या टपरीवर कटिंग मारून वर. रविवारी बरेचजण झोप पुरी करून, काही न खातापिता. कॅफिनने मेंदूचा विश्रांतीतला रक्तप्रवाह कमी होतो हे पक्कं आहे. त्यामुळे बोल्डमधला बदल वाढतो की घटतो यावर मात्र अभ्यासांचं एकमत नाही, म्हणजे दुरुस्तीचा गुणकही हाताशी नाही. रात्री झोप डोळ्यांवर. शिवाय बुधवारी ती सगळी माणसं दुसऱ्यांदा नळीत शिरत होती, भीती गेलेली, चित्रं ओळखीची, शब्दही आधी दुसऱ्या लिपीत पाहिलेले. उलट बाजूने, रविवारी उशिराच्या स्लॉटला आलेले काहीजण मेगाब्लॉकमध्ये अडकून धापा टाकतच पोचले होते. यातलं कुठलं किती, हे या डेटातून कधीच कळणार नाही. लिपी, वार, वेळ, चहा आणि क्रम ही पाचही नावं एकाच स्तंभाची आहेत.

रसेल पोल्ड्रॅक या संशोधकाने अठरा महिने स्वतःचाच मेंदू पुन्हा पुन्हा स्कॅन करवला. मंगळवारी उपाशी आणि कॉफीशिवाय, गुरुवारी नाश्ता-कॉफी करून. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात या दोन वारांना मेंदूच्या भागांमधले संबंधच वेगळे दिसले, विशेषतः दृष्टीच्या आणि शरीरसंवेदना-हालचालींच्या जाळ्यांत. माणूस तोच होता. त्याने वार आणि कॉफीची नोंद ठेवली होती म्हणून तो फरक वाचता आला. आपल्याकडे बुधवारच्या नोंदीत चहाचा रकानाच नव्हता.

मॅडमनी दोन जुने पेपर पुढे केले. २००० साली मॅकगोनिगल आणि सहकाऱ्यांनी एकाच व्यक्तीला हालचाल, दृष्टी आणि विचार अशा तीन कामांसाठी प्रत्येकी ३३ सेशनमध्ये स्कॅन केलं आणि एका सेशनवरून निष्कर्ष काढणं किती धोक्याचं, ते दाखवलं. २००५ मध्ये स्मिथ आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा पुन्हा तपासून सांगितलं की सेशनांमधला फरक वाटला होता तितका प्रचंड नाही, विश्लेषणाच्या पद्धतीवर बरंच अवलंबून आहे. लोक पहिला पेपर घाबरवायला वापरतात, दुसरा धीर द्यायला. इथे दोन्ही कामाचे नव्हते. ते सेशनांच्या आपोआप होणाऱ्या चढउतारांबद्दल बोलतात. आपला सेशन लिपीला गाठ मारून बांधलेला होता.

“मग हा डेटा फेकून द्यायचा का?”

मॅडमचा प्रश्न रास्त होता. रात्री-अपरात्री डोंबिवली-विरारला परतणाऱ्या लोकांनी दिलेला वेळ होता तो.

फेकायचा नाही, पण त्याला झेपेल तेवढंच विचारायचं. रविवारच्या आत देवनागरी शब्द विरुद्ध चित्रं ही तुलना निर्दोष आहे. बुधवारच्या आत रोमन शब्द विरुद्ध चित्रं, तीही. दोन दिवसांमधली तुलना करायचीच तर चित्रांच्या साक्षीने, वजाबाकी आणि भागाकार दोन्ही करून, आणि दोन्हींत दिशा जुळेल तेवढ्याच जागांबद्दल ‘सूचक’ म्हणून. तसं केल्यावर दृष्टीच्या भागातला तो फरक गळून पडला.

विद्यार्थिनीने मध्येच एक पळवाट सुचवली: “सर, दोन दिवसांची वजाबाकीच नको. रविवारच्या नकाशात जे भाग सार्थ आहेत आणि बुधवारच्या नकाशात नाहीत, ते देवनागरीचे म्हणूया ना.” ही पळवाट सगळ्यांनाच मोहात पाडते. पण एक निकाल सार्थ ठरण्याच्या उंबरठ्याच्या किंचित वर आणि दुसरा किंचित खाली असला, तर त्यांच्यातला फरक शून्याच्या जवळही असू शकतो. फरकाची परीक्षा फरकावरच घ्यावी लागते. शिवाय बुधवारी लोक पेंगुळले म्हणून नकाशा फिका पडला असेल तर देवनागरीला फुकटची जहागीर मिळायची.

मग नवे स्कॅन ठरले, दोन्ही लिप्या एकाच सेशनमध्ये. तिने पाठवलेल्या पहिल्या आराखड्यात रनचा पहिला अर्धा भाग देवनागरीचा होता, दुसरा अर्धा रोमनचा, प्रत्येकी पाच मिनिटं. म्हणजे रविवार-बुधवारचं भांडण एका रनमध्ये आणून बसवलं. एफएमआरआयचा सिग्नल मिनिटांच्या हिशेबाने आपोआप सरकत राहतो. ते सरकणं काढण्यासाठी एसपीएम मूळ सेटिंगमध्ये १२८ सेकंदांपेक्षा संथ चढउतार गाळून टाकतं. पाच-पाच मिनिटांचा फरक हा तसाच संथ चढउतार. गाळणी लावली तर लिपीचा परिणामही गाळला जाणार, नाही लावली तर सरकणं लिपीच्या नावावर पडणार. म्हणून तुकडे छोटे केले आणि दोन लिप्या लवकर लवकर आलटूनपालटून आणल्या: देवनागरी, रोमन, रोमन, देवनागरी, पुढच्या रनमध्ये उलट. निम्म्या लोकांची सुरुवात रोमनने.

तिची एक शंका मात्र मला सहज टोलवता आली नाही. सेशन वेगळे ठेवण्यामागे फक्त स्लॉटची अडचण नव्हती, ती म्हणाली. एका लिपीच्या नादात असलेला वाचक आणि दर थोड्या वेळाने लिपी बदलणारा वाचक एकच नव्हे. हे खरं आहे. आलटूनपालटून वाचताना बदलाचा स्वतःचा खर्च असतो, आणि तो रोमनकडे जाताना जास्त, देवनागरीकडे येताना कमी असू शकतो. एकेक शब्द मिसळून दाखवला असता तर हा आक्षेप भारी पडला असता. तुकडा सलग एकाच लिपीचा ठेवला आणि त्यातले पहिले एक-दोन शब्द वेगळे मोजले की बदलाचा खर्च बराचसा बाजूला काढता येतो. राहिलेली अशुद्धता मला मान्य आहे. निदान तिचं नाव माहीत आहे.

चहाचं काय? बंदी घालायची नाही, असं ठरलं. रोज दोन-तीन कटिंग पिणाऱ्याचा चहा तोडला तर कॅफिन सुटल्याने रक्तप्रवाह उलट वाढतो, म्हणजे नवाच परिणाम. प्रत्येकाने नेहमीसारखं वागावं आणि शेवटचा चहा किती वाजता घेतला ते लिहावं, एवढंच. टेक्निशियनदादांनी फॉर्मवर हा रकाना पाहून “आता नाश्त्याचा पण टाका” म्हटलं, तोही टाकला.

मोडीचं प्रकरण

याच गटाला पुढे मोडी शिकवून, शिकण्याआधी आणि शिकल्यावर स्कॅन करायचं आहे. इथे एकाच सेशनचा मार्ग बंद. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एका रात्रीत बसत नाहीत, क्रमही उलटा करता येत नाही. अशा ठिकाणी दोन्ही सेशनमध्ये न बदलणारं काहीतरी लागतं, आणि ते मुद्द्याच्या जितकं जवळचं तितकं चांगलं, छत्री-नारळापेक्षा जवळचं.

ठरलं ते असं. मोडीची अर्धीच अक्षरं शिकवायची, पण दोन्ही स्कॅनमध्ये सगळी दाखवायची. शिकलेली वजा न शिकलेली हा फरक ‘नंतर’मध्ये किती आणि ‘आधी’मध्ये किती, ते पाहायचं. कुणाला कुठली अर्धी, ते चिठ्ठी टाकून. ‘आधी’मध्ये अजून काहीच शिकवलेलं नाही, तेव्हा त्या दिवशी दोन निम्म्यांतला फरक शून्याच्या आसपास यायला हवा, नाही आला तर अक्षरांची वाटणीच चुकली. आणि सुरुवात शून्याजवळ असली की वजाबाकी की भागाकार हा वाद उरत नाही, कारण शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच.

वाटणी करताना एक अडचण आली. मोडीची काही अक्षरं देवनागरीसारखी दिसतात आणि न शिकवताच ओळखू येतात. ती सगळी एका बाजूला पडली तर खेळ बिघडेल. म्हणून आधी नवख्या लोकांकडून प्रत्येक अक्षर ओळखून घ्यायचं आणि सोपी-अवघड अक्षरं दोन्ही निम्म्यांत सारखी वाटायची. दुसरी अडचण माणसांची आहे. वर्गासाठी नाव देणाऱ्यांतल्या कित्येकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या जमिनीचे मोडी कागद पडून आहेत, आणि अर्ध्या अक्षरांत ते वाचता येणार नाहीत. उरलेली अक्षरं दुसऱ्या स्कॅननंतर लगेच शिकवली जातील, असं संमतिपत्रातच लिहून टाकलं आहे.